दांडपट्टा

मराठी मर्दानी खेळातील तलवारीचा प्रकार. लांब, लवचीक, दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा ही त्याची ओळख. खोबळ्यात मनगट जखडले जात असल्याने वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. म्हणून पट्टेबाजीचा खरा कस पवित्र्यात, म्हणजे पायांच्या ठेवणीत लागतो. अनेकांनी वेढलेल्या एकट्याला हे शस्त्र उपयोगी पडते. भोसकण्यापेक्षा कापण्याकडे त्याचा कल आहे. नवशिक्यांचे हात आधी लाठी आणि फरी-गदग्यावर बसवतात. जमिनीवरचे लिंबू एका फटक्यात कापणे ही कौशल्याची परीक्षा; प्रेक्षकांना तीच आवडते, जाणकार मात्र पाय पाहतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महालाने अफझलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा शिवाजी महाराजांवरचा वार रोखला, तो पट्ट्यानेच, असे परंपरा सांगते.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे लखुजी जाधवांचे ठाणे आणि शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाऊंचे जन्मस्थान. अशा लढवय्या घराण्यांत शस्त्रशिक्षण हा संगोपनाचाच भाग असे. कोरियात राजा जोंगजोच्या आज्ञेने १७९० मध्ये तलवारीसह चोवीस युद्धकलांचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. याउलट मराठी पट्टेबाजी ग्रंथांपेक्षा मुख्यतः वस्तादांच्या तोंडी आणि तालमींतून, विशेषतः कोल्हापुरात, टिकली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केले.