जर्मन नौकापेढ्यांचीं निशाणें

राष्ट्रांच्या ध्वजांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. ते कसे निर्माण झाले, त्यांच्यासाठीं कोणीं रक्त सांडलें, कवींनीं त्यांस कोणत्या उपमा दिल्या, हें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. परंतु व्यापारी जहाजावर आणखी एक निशाण फडकत असे, आणि त्याची वास्तपुस्त क्वचितच कोणी करतो. तें निशाण राजाचें नव्हे, प्रजेचेंही नव्हे. तें जहाजाच्या मालकाचें, म्हणजे पेढीचें निशाण होय. पिछाडीस स्वतःच्या राष्ट्राचें निशाण, पुढच्या डोलकाठीवर ज्या देशाच्या बंदरांत जावयाचें त्या देशाचें, आणि मधल्या मोठ्या डोलकाठीच्या शेंड्यावर पेढीचें, असा जुना दर्यावर्दी रिवाज होता. या दृष्टीनें जर्मन नौकापेढ्यांचीं निशाणें विशेष पाहण्यासारखीं आहेत. कारण १८४७ पासून १९५१ पर्यंतच्या सुमारें शंभर वर्षांत त्या देशाचें पिछाडीचें निशाण वारंवार बदललें, शेंड्यावरचें मात्र बहुधा ओळखीचेंच राहिलें. या स्थैर्याचा अर्थ काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पेढीच्या निशाणाचा उपयोग मूळचा अगदीं व्यावहारिक. बिनतारी संदेशाचा शोध लागण्यापूर्वीं, बंदरांतून निघालेल्या जहाजाची खबर महिनेच्या महिने मिळत नसे. किनाऱ्यावरील टेहळ्यास क्षितिजावर शीड दिसे, तेव्हां जहाजाचें नांव वाचतां येणें शक्यच नसे. रंगीत कापडाचा तुकडा मात्र दुर्बिणींतून ओळखूं येई. तेवढ्यावरून पेढीवर निरोप जाई, माल उतरून घेण्याची तजवीज होई आणि खलाशांच्या बायकापोरांचा जीव भांड्यांत पडे. पिछाडीचें निशाण हें जहाज कोणत्या सत्तेच्या आश्रयाखालीं आहे तें सांगे. शेंड्यावरचें निशाण तें कोणाचें आहे हें सांगे. भाडें कोणास द्यावें, बुडालेल्या मालाबद्दल दाद कोणाकडे मागावी, थकलेला पगार कोणाच्या दारीं जाऊन वसूल करावा, हें सर्व या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून. मालकी व जबाबदारी या दोहोंची ती जाहीर कबुलीच होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील इतिहास पाहावा.

१८४७ सालच्या मे महिन्यांत हांबुर्ग येथील कांहीं व्यापारी व जहाजमालक यांनीं अमेरिकेशीं नियमित वाहतूक करण्यासाठीं एक कंपनी काढली. तिच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें जुळवून पुढें तिला 'हापाग' हें सुटसुटीत नांव पडलें. तिच्या आरंभीच्या जहाजांपैकीं एकाचें नांव 'डॉइचलांड', म्हणजे जर्मनी, असें होतें. परंतु जर्मनी नांवाचें एकसंध राज्य त्या वेळीं पृथ्वीच्या पाठीवर नव्हतें. हांबुर्ग हें स्वतंत्र नगरराज्य होतें, आणि तांबड्या क्षेत्रावर पांढरा तीन बुरुजांचा किल्ला हें त्याचें निशाण होतें. ब्रेमेनचें निशाण तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें. त्या पट्ट्यांवरून लोक थट्टेनें त्यास खारवलेल्या डुकराच्या मांसाचें निशाण म्हणत. हापागनें आपल्या निशाणावर कर्णरेषांनीं चार त्रिकोण पाडून ते पांढऱ्या व निळ्या रंगांत वांटले. मधोमध काळा नांगर, त्यावर पिवळी ढाल, आणि ढालीवर कंपनीचीं आद्याक्षरें. दहा वर्षांनीं, १८५७ सालीं, एच. एच. मायर या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें ब्रेमेन येथें 'नॉर्डडॉइचर लॉइड' ही प्रतिस्पर्धी कंपनी निघाली. तिच्या पांढऱ्या निशाणावर एकमेकांवर तिरपीं ठेवलेलीं किल्ली व नांगर, आणि त्यांच्या जोडीला ओकच्या पानांची माळ, अशी निळ्या रंगाची आकृति होती. ही किल्ली संत पीटरची. तो ब्रेमेनच्या मुख्य प्रार्थनामंदिराचा अधिष्ठाता. स्वर्गद्वाराची किल्ली त्याच्या हातीं असते अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. तीच किल्ली शहराच्या चिन्हांत आली व तेथून व्यापाऱ्यांच्या निशाणावर चढली. १८७१ सालीं हांबुर्ग येथें निघालेल्या 'हांबुर्ग-स्यूड' या दक्षिण अमेरिकेच्या कंपनीनें आपल्या निशाणास पांढरा व तांबडा, म्हणजे शहराचेच रंग दिले. देश अजून घडावयाचा होता. शहरें मात्र शेंकडों वर्षांचीं जुनीं होतीं, आणि निशाणांत त्यांचाच अभिमान बोलत होता.

कांहीं निशाणें शहराचीं नसून केवळ एका कुटुंबाचीं होतीं. फेर्डिनांड लाइस हा हांबुर्गचा टोप्या करणारा कारागीर. त्यानें १८२४ सालीं पेढी घातली व आपल्या रेशमी टोप्या दक्षिण अमेरिकेपर्यंत पाठविल्या. पुढें हेंच घराणें जहाजें बाळगूं लागलें. त्याचें निशाण अत्यंत साधें: पांढऱ्या कापडावर एफ व एल हीं दोन तांबडीं अक्षरें. फेर्डिनांडची सून सोफी हिचे केस दाट कुरळे होते, म्हणून घरांत तिला 'पूडेल' या कुरळ्या केसांच्या कुत्र्याच्या जातीवरून हांक मारीत. १८५७ सालीं एका नव्या जहाजास तेंच नांव दिलें गेलें, आणि कालांतरानें या पेढीच्या जहाजांचीं नांवें 'प' या अक्षरानेंच आरंभ होऊं लागलीं. चिलीचा सोरा भरून केप हॉर्नला वळसा घालणारीं 'प्रॉइसेन', 'पामीर', 'पेकिंग' हीं प्रचंड शिडांचीं जहाजें याच निशाणाखालचीं. 'पेकिंग' अनेक वर्षें परदेशीं काढून २०२० सालीं हांबुर्गला परत आलें. घरांतील थट्टेचें नांव समुद्रावर दीडशें वर्षें टिकावें, यांत त्या व्यापारी समाजाचा स्वभाव दिसतो: घर, पेढी व जहाज यांमध्यें त्याला भिंत दिसत नसे.

आतां पिछाडीकडे वळूं. १८६७ सालीं प्रशियाच्या नेतृत्वाखालीं उत्तर जर्मन संघ स्थापन झाला आणि त्याच्या घटनेनें आरमारासाठीं व व्यापारी जहाजांसाठीं काळें-पांढरें-तांबडें निशाण ठरविलें. प्रशियाचे रंग काळा व पांढरा. हांबुर्ग, ब्रेमेन आदि व्यापारी शहरांचे पांढरा व तांबडा. तलवार व तराजू यांची ही सोयरीक होती. १८७१ च्या साम्राज्यानें तोच ध्वज पुढें चालविला. या तिरंगी छायेंत पेढ्यांची जी भरभराट झाली, तिचा शिल्पकार म्हणून आल्बर्ट बालिन याचें नांव घ्यावें लागतें. हांबुर्गच्या एका सामान्य यहुदी कुटुंबांत १८५७ सालीं तो जन्मला. त्याचा बाप अमेरिकेस जाणाऱ्या स्थलांतरितांचीं तिकिटें विकीत असे. १८८६ सालीं बालिन हापागमध्यें आला व १८९९ सालीं तिचा मुख्य संचालक झाला. पूर्व युरोपांतून निघालेल्या गरीब कुटुंबांसाठीं त्यानें १९०१ सालीं हांबुर्गच्या फेडेल बेटावर राहण्या-जेवण्याची व वैद्यकीय तपासणीची सोय केली. 'जग हेंच माझें क्षेत्र' हें कंपनीचें ब्रीद होतें, आणि १९१४ सालापर्यंत पांढऱ्या-निळ्या निशाणाची ही कंपनी जगांतील सर्वांत मोठी नौकाकंपनी झाली होती.

महायुद्धानें तें सर्व मोडलें. ९ नोव्हेंबर १९१८ रोजीं कैसरनें सिंहासन सोडल्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशीं, झोपेच्या औषधाच्या अतिसेवनानें, बालिनचा अंत झाला. त्यानें कल्पिलेल्या तीन महाकाय आगबोटी परक्यांच्या हातीं गेल्या: 'इंपेरातोर' इंग्रजांच्या क्यूनार्ड कंपनीची 'बेरेंगारिया' झाली, 'फाटरलांड' अमेरिकेची 'लेव्हायथन', आणि 'बिस्मार्क' व्हाइट स्टार कंपनीची 'मॅजेस्टिक'. लोखंड तेंच, नांव व निशाण मात्र दुसऱ्याचें.

१९१९ च्या लोकसत्ताक घटनेनें राष्ट्राचा ध्वज काळा-तांबडा-सोनेरी केला. पण जहाजवाल्यांचा जुन्या रंगांवरचा जीव सुटेना. तेव्हां एक विलक्षण तडजोड झाली: व्यापारी निशाण जुनेंच काळें-पांढरें-तांबडें, फक्त त्याच्या कोंपऱ्यांत नव्या रंगांची लहानशी चौकट. एका कापडावर दोन राज्यें, आणि त्यांतलें नवें कोंपऱ्यांत! १९२६ च्या मे महिन्यांत परदेशांतील वकिलातींवर हें व्यापारी निशाणही लावण्यास परवानगी देणारा हुकूम निघाला, तेव्हां एवढें काहूर माजलें कीं चॅन्सेलर लूथर याचें मंत्रिमंडळ त्यांत कोसळलें. रंगांचा हा वाद कापडाचा नव्हता. लोकसत्तेला मनापासून मान्यता द्यावयाची कीं नाहीं, असा तो प्रश्न होता.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला व जुन्या तिरंगी निशाणाबरोबर स्वस्तिकाचें निशाणही लावण्याचा हुकूम झाला. २६ जुलै १९३५ रोजीं न्यूयॉर्कच्या बंदरांत लॉइड कंपनीच्या 'ब्रेमेन' या प्रसिद्ध आगबोटीवर निदर्शक चढले व नाळेवरचें स्वस्तिकाचें निशाण फाडून त्यांनीं हडसन नदींत फेंकलें. हा राष्ट्रध्वजाचा अपमान नव्हे, एका पक्षाच्या निशाणाचा आहे, असें उत्तर अमेरिकेकडून आलें. १५ सप्टेंबरला न्यूरेंबर्ग येथें कायदा होऊन तेंच पक्षाचें निशाण जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरलें. त्याच वर्षीं हापागच्या 'आल्बर्ट बालिन' या आगबोटीचें नांव पुसून 'हान्सा' ठेवण्यांत आलें. ज्या यहुदी पुरुषानें पांढऱ्या-निळ्या निशाणास जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याचें नांव त्या निशाणाखालीं राहूं शकलें नाहीं. निशाण मात्र राहिलें.

मे १९३९ मध्यें याच कंपनीचें 'सेंट लुइस' हें जहाज ९३७ उतारूंस घेऊन हांबुर्गहून क्यूबाकडे निघालें. त्यांत बहुतेक सर्व जर्मनींतून जीव वांचविण्यासाठीं पळणारे यहुदी होते. क्यूबानें जवळजवळ सर्वांस दार बंद केलें, अमेरिकेनेंही घेतलें नाहीं. जूनमध्यें जहाज अँटवर्प येथें परत आलें. उतारू इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड या देशांत विखुरले, आणि त्यांपैकीं २५४ जण पुढें नाझींच्या संहारांत मारले गेले. कप्तान गुस्टाव श्रेडर यानें त्यांस सन्मानानें वागविलें व सुरक्षित भूमि मिळावी म्हणून शिकस्त केली. १९९३ सालीं इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनें त्याचा मरणोत्तर गौरव केला. एकाच जहाजावर दोन निशाणें होतीं, पण त्या उतारूंची लाज राखली ती दोहोंपैकीं एकानेंही नव्हे; ती एका मनुष्यानें राखली.

याच युद्धाची एक लाट आपल्या किनाऱ्यावरही येऊन आदळली. ब्रेमेनची 'हान्सा' कंपनी १८८१ सालीं मुख्यतः हिंदुस्थानाशीं वाहतूक करण्यासाठींच निघाली होती. तिच्या जहाजांच्या नांवांच्या शेवटीं 'फेल्स', म्हणजे कडा, हा शब्द येई, आणि काळा माल्टी क्रूस ही तिची खूण होती. १९३९ सालीं युद्ध पेटतांच तिच्या 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' व 'ब्राउनफेल्स' या आगबोटींनीं गोव्यांतील मुरगांव बंदराचा आसरा घेतला. कारण पोर्तुगाल तटस्थ होतें. तेथून पाणबुड्यांस गुप्त बातम्या जातात असा इंग्रजांस संशय आला. मार्च १९४३ मध्यें कलकत्त्याच्या स्वयंसेवक पथकांतील उतारवयाचे कांहीं इंग्रज गृहस्थ गाळ वाहणाऱ्या एका जुनाट बोटींतून रात्रीं आले व 'एरेनफेल्स'वर चढले. झटापटींत तिचा कप्तान व इतर कांहीं जर्मन ठार झाले, आणि खलाशांनीं स्वतःच आपलीं जहाजें बुडविलीं. मालवाहू पेढीचीं जहाजें तटस्थ बंदरांतही युद्धापासून अलिप्त राहूं शकलीं नाहींत.

आणि शेवटचा घाला सर्वांत भयंकर. हांबुर्ग-स्यूडचें सर्वांत दिमाखदार जहाज 'काप आर्कोना' युद्धकाळीं आरमाराच्या ताब्यांत गेलें होतें. १९४५ च्या वसंतांत नॉयेनगामे येथील छळछावणीचे कैदी त्यांत कोंबले गेले. ३ मे रोजीं ल्यूबेकच्या आखातांत इंग्रज विमानांनीं, आंत कोण आहे हें न ओळखतां, त्यावर व शेजारच्या जहाजांवर हल्ला केला. सुमारें सात हजार माणसें जळून व बुडून मेलीं. श्रीमंत उतारूंच्या नृत्यसंगीतासाठीं बांधलेल्या जहाजाचा असा शेवट झाला.

युद्धानंतर जर्मनीला कोणताच ध्वज उरला नाहीं. १९४६ च्या नोव्हेंबरांत दोस्त राष्ट्रांनीं हुकूम काढून जर्मन जहाजांस संकेतसंहितेंतील 'सी' या अक्षराचें निळें-पांढरें-तांबडें निशाण, टोंकाशीं त्रिकोणी खांच पाडून, लावण्यास सांगितलें. तें ध्वज नव्हे, केवळ ओळखचिठ्ठी. १९५१ सालीं काळें-तांबडें-सोनेरी निशाण पश्चिम जर्मन जहाजांच्या पिछाडीस चढलें. हांबुर्गच्या किल्ल्यापासून मोजल्यास पिछाडीचें हें सातवें रूप.

पेढ्यांचेंही पुढें सर्व सुरळीत झालें असें नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकींशीं चढाओढ करणाऱ्या हापाग व लॉइड १९७० सालीं एक झाल्या. हान्सा कंपनीचें १९८० सालीं दिवाळें निघालें. हांबुर्ग-स्यूड २०१७ सालीं डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीनें विकत घेतली. आज जर्मन मालकीचीं कित्येक जहाजें लायबेरियासारख्या देशांत नोंदलेलीं असून पिछाडीस त्यांचेंच निशाण लावतात. कर कमी, नियम सैल, हें त्याचें कारण. पिछाडीचें निशाण पाहून मालक ओळखण्याचे दिवस गेले.

तर मग या स्थैर्याचा अर्थ काय? व्यापारी लोक राजकारणाच्या पलीकडे राहिले व म्हणून त्यांचीं निशाणें टिकलीं, असें पुष्कळदां अभिमानानें सांगितलें जातें. वरील हकीकत तसें सांगत नाहीं. शेंड्यावरचें निशाण टिकलें, कारण पिछाडीस जें कोणतें निशाण आलें त्याच्याशीं जुळतें घेण्यास तें नेहमीं तयार होतें. मग तें नगरराज्याचें असो, साम्राज्याचें असो, कीं स्वस्तिकाचें असो. टिकून राहणें हा गुण खरा, पण निर्दोषपणाचा तो पुरावा नव्हे. मात्र त्या लहानशा कापडाचें मूळ काम आपण विसरतां कामा नये. हें जहाज कोणाचें, एवढेंच सांगण्यासाठीं तें प्रथम वर चढलें. राष्ट्रांचे ध्वज बदलले कीं मागील पापें जुन्या राजवटीच्या पदरांत टाकून मोकळें होतां येतें. ज्याचें निशाण तेंच राहिलें, त्याला ती सोय नाहीं. बालिनचें वैभव, पुसलेलें त्याचें नांव आणि 'सेंट लुइस'चे उतारू, हीं तिन्ही त्या एकाच पांढऱ्या-निळ्या कापडाच्या खात्यावर मांडलेलीं आहेत, आणि जमा-खर्चाची वही ठेवणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.