दारू, लिव्हर आणि सव्वादोन तोळे

दारू आणि लिव्हर या दोन शब्दांचा परस्परसंबंध आमच्या पिढीला डॉक्टरांनी समजावून सांगितला. पण या दोहोंचा आणखीही एक संबंध आहे आणि त्यात कावीळ होत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. ही दारू बंदुकीची, आणि हे लिव्हर म्हणजे शाळेत शास्त्राच्या मास्तरांनी फळ्यावर काढलेली तरफ. लिव्हर-ॲक्शन रायफलीच्या चापाभोवती एक लोखंडी कडं असतं. ते खाली ओढलं की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं. वर आणलं की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. खाली-वर, खाली-वर. आपण हातपंप ज्या तत्त्वावर मारतो त्याच तत्त्वावर अमेरिकन माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षं गोळ्या मारल्या. आपल्या पंपाला निदान मधूनमधून पाणी येत नाही, एवढाच फरक.

या विषयात मी शिरलो तो माझ्या मावसभावामुळे. तो अलास्कात अँकरेजला असतो. एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, रायफल घेतली." आमच्या घराण्यात आजवर घेतलं गेलेलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे विळी. मी विचारलं, "कशाला रे?"

"अस्वलासाठी."

"अस्वलाने मागितली होती?"

तो हसला नाही. त्याच्या घरापासून पायवाट सुरू होते, पायवाटेच्या टोकाला ओढा, आणि ओढ्यात सामन मासे आले की अस्वलंही येतात. आपल्याकडे गल्लीच्या टोकाला कुत्रं असतं तसं तिकडे. मग त्याने रायफलीचं वर्णन केलं. मार्लिन कंपनीची, लिव्हरवाली, नळी आखूड, जेमतेम १९ इंच, आणि काडतूस '.४५-७०'. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास माझा विषय नव्हे. पण आकडा कानावर पडला की त्याचं मागचं खातं उघडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तर '.४५-७०' हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलं. .४५ म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या शंभराव्या भागांत, आणि ७० म्हणजे दारू, ग्रेनमध्ये. गोळीचं वजन ४०५ ग्रेन. आता आमच्या बँकेत सोन्यावर कर्ज देतात, त्यामुळे एक गोष्ट मला पाठ आहे : तोळा म्हणजे १८० ग्रेन. भागाकार करून पाहा. ४०५ भागिले १८० बरोबर सव्वादोन. एकेक गोळी सव्वादोन तोळ्यांची! आपल्याकडे लग्नात एवढ्या वजनाची वस्तू घातली तर सासरची माणसं वर्षभर नावं ठेवत नाहीत. समोरच्या प्राण्याला ती एका झटक्यात आणि परतफेडीच्या अटीविना मिळते.

पण ही सव्वादोन तोळे वजनाची गोळी आणि ते खाली-वर होणारं लिव्हर यांचं लग्न जुळायला फार वर्षं लागली. या रायफलीचा खरा इतिहास म्हणजे दोन इच्छांचं भांडण आहे. एक इच्छा म्हणते, "एकदाच, पण असं की पुन्हा नको." दुसरी म्हणते, "थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा." आमच्या घरी दिवाळीच्या खरेदीवरून हेच भांडण होतं.

'पुन्हा पुन्हा'वाल्यांचा मूळ पुरुष वॉल्टर हंट. या गृहस्थाने १८४९ साली एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीचं पेटंट घेतलं. त्याच साली त्याने आणखी एका वस्तूचं पेटंट घेतलं आणि ते चारशे डॉलरना विकून टाकलं. ती वस्तू म्हणजे सेफ्टी पिन! आपल्या आया-बहिणींच्या बांगड्यांत अडकवलेली ती पिन आणि ही रायफल एकाच डोक्यातून निघाल्या. पिन पहिल्या दिवसापासून चालली. रायफल मात्र इतकी नाजूक की तीच पिन लावून बांधून ठेवावी.

हंटची ती कल्पना हातोहाती फिरत स्मिथ आणि वेसन या जोडीकडे आली, आणि १८५५ साली 'व्होल्कॅनिक' नावाची कंपनी निघाली. नाव ज्वालामुखीचं, पण कंपनी दोन वर्षांत विझली. भागधारकांत ऑलिव्हर विंचेस्टर नावाचा एक गृहस्थ होता. धंद्याने शर्ट शिवून विकणारा. बुडत्या कंपनीची मालमत्ता त्याने ताब्यात घेतली आणि बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराला कामाला लावलं. १८६० साली हेन्रीची रायफल तयार झाली. तिच्यात सोळा-एक गोळ्या मावत. 'रविवारी भरायची आणि आठवडाभर झाडायची' अशी तिची ख्याती. १८६६ पासून कंपनी स्वतः विंचेस्टरच्या नावावर आली. शर्टवाल्याने कॉलर सोडून काडतूस धरलं ते कायमचं.

मात्र हेन्रीच्या काडतुसात दारू पंचवीस-अठ्ठावीस ग्रेन. सैन्याच्या काडतुसात सत्तर. एवढी दारू पचवायची ताकद त्या काळच्या लिव्हरमध्ये नव्हती. (डॉक्टर इथे मान डोलावतील.) म्हणून सैन्याने स्प्रिंगफील्ड रायफल घेतली : गोळी मोठी, पण एका वेळी एकच. पुन्हा भरा, पुन्हा झाडा. शिपायाच्या हातात सोळा गोळ्या दिल्या तर तो सोळाही उडवील, ही वरिष्ठांची भीती जुनी होती. ज्या कचेरीत टाचण्यांची डबी साहेबांच्या कपाटात असते, तिथे काम केलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

या भांडणाचा एक निकाल २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लागला. १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा मुलूख लाकोटांना दिलेला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि तहाचा कागद एकाएकी पातळ झाला. कस्टरच्या सैनिकांजवळ एकेक गोळीच्या स्प्रिंगफील्ड होत्या. समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे धनुष्यबाण होते, जुन्यापान्या बंदुका होत्या, आणि त्यांत हेन्री व विंचेस्टरही होत्या. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळालं आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी जमीन तपासली, तेव्हा त्या लिव्हर-रायफलींची रिकामी काडतुसं मातीत सापडली. कस्टरसह त्याच्या तुकडीतले दोनशेवर सैनिक त्या दिवशी मेले. केवळ बंदुकांमुळे नव्हे. समोर माणसंही कितीतरी जास्त होती आणि ती आपल्या बायकापोरांच्या तंबूंपुढे उभी होती.

लढाई लाकोटांनी जिंकली, मुलूख मात्र पुढच्याच वर्षी गेला. पुढे विंचेस्टर कंपनीने 'पश्चिम जिंकणारी बंदूक' म्हणून जाहिराती केल्या. बंदूक दोन्हीकडे होती ही गोष्ट जाहिरातीत बसत नाही. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन घेतल्याबद्दल व्याजासह दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मान्य केली. लाकोटांनी ती घेतली नाही. आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत, असं त्यांचं म्हणणं. ती रक्कम सरकारी खात्यात पडून वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. मी नोकरीत पुष्कळ खाती पाहिली. मयताची, भांडणाची, विसरलेली. पण पासबुकाकडे बघायलाही नकार देणारा एक अख्खा समाज मी कुठल्या लेजरमध्ये पाहिलेला नाही.

असो. मोठी गोळी आणि लिव्हर यांना एकत्र आणण्याची सुरुवात मार्लिन कंपनीने १८८१ मध्ये केली. पण त्यांचा संसार पक्का करून दिला तो यूटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने. त्याच्या आराखड्यावर विंचेस्टरने १८८६ ची रायफल काढली. काडतूस नळीत गेलं की मागून पोलादाच्या दोन उभ्या खिट्ट्या वर येऊन दार बंद करतात. आपल्या वाड्यांच्या दाराला अडसर असे ना, तसे दोन अडसर. आता सत्तर ग्रेन दारू आत काय धिंगाणा घालायचा तो घालो!

भांडण मिटलं, आणि मिटताच दोघंही कालबाह्य झाले. बिनधुराची दारू आली. १८९२ मध्ये अमेरिकन सैन्याने बोल्ट ओढायची रायफल घेतली. गोळ्या बारीक, टोकदार आणि लांब जाणाऱ्या झाल्या. लिव्हरवालीला टोकदार गोळी चालत नाही, कारण तिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेने उभी असतात. मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या पाठीवर, नेमकं पेट घेणाऱ्या टोपीवर टेकतं. म्हणून इथे नाक चपटंच लागतं. रांगेत उभं राहून पुढच्याच्या पाठीत टोक खुपसलं की स्फोट होतो, हे आमच्या काउंटरवर महिन्याच्या एक तारखेला सिद्ध होतं.

नंतरची काही दशकं '.४५-७०' जवळजवळ पेन्शनीत होतं. १९७२ साली मार्लिनने त्यासाठी पुन्हा रायफल काढली. त्याच १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीच्या गोष्टी सांगणारे काका लोक एकाएकी भूतकाळात बोलू लागले. मग १९९८ मध्ये मार्लिनने नळी बावीस इंचांवरून साडेअठरा इंचांवर आणली आणि नाव ठेवलं 'गाइड गन'. म्हणजे वाटाड्याची बंदूक. दाट झुडपांत, होडीत, चिमुकल्या विमानात लांब नळी अडकते. आणि अस्वल साडेतीन इंचांसाठी थांबत नाही.

आता मावसभावाने या बंदुकीचा साज कसा केला ते ऐका. रायफल घेणं म्हणजे फ्लॅट घेण्यासारखं आहे. खरा खर्च ताबा मिळाल्यावर सुरू होतो. प्रथम लिव्हरचं कडं मोठं, म्हणजे हातमोज्यासकट बोटं आत जातात. (असलंच मोठं कडं घेऊन १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन रायफल गरकन फिरवतो. भावाने फिरवून पाहिली नाही असं तो सांगतो, आणि त्याच्या दिवाणखान्यातला दिवा नवा आहे.) मग नेम धरायला मागे एक पोकळ कडी, जिच्यातून पाहताना कडी दिसेनाशी होते आणि फक्त समोरचा माशीएवढा ठिपका उरतो. मग खांद्याचा पट्टा. दस्त्यावर चामड्याचं आवरण आणि त्याला जादा काडतुसांचे कप्पे. दस्त्याच्या टोकाला रबराची जाड गादी, कारण सव्वादोन तोळे पुढे जाताना मागच्या माणसालाही आहेर करून जातात. नळी न गंजणाऱ्या पोलादाची. एकेक काडतूस दोन-तीन डॉलरना. सराव म्हणून वीस झाडली की भाऊ घरी येऊन एका हाताने जेवतो.

ही रायफल त्याला मिळाली हेही एक नवलच. मार्लिन कंपनी २००७ अखेर रेमिंग्टनने विकत घेतली. २०११ मध्ये कनेक्टिकटचा कारखाना बंद झाला. यंत्रं न्यूयॉर्क राज्यात हलवली. कामगार मात्र मागे राहिले. आणि मग कळलं, की जुन्या यंत्रांचं अर्धं शहाणपण नकाशांत नव्हतंच, त्या हातांत होतं. रायफली बिघडू लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, रूगर कंपनीने मार्लिन घेतली आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा चांगली रायफल बाजारात आली. आमच्याकडेही बँकांची विलीनीकरणं झाली. पाटी बदलायला एक रात्र पुरते. कुठल्या कपाटाची किल्ली डावीकडे वळते हे ठाऊक असलेला माणूस निवृत्त झाला, की नवीन साहेब कपाटापुढे उभे.

बंदुकीतलं मला जे काही व्यवहारज्ञान आहे ते आमच्या शाखेच्या रखवालदारांचं. निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचे, हातात बारा बोअरची. मी त्यांना भावाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "साहेब, बंदूक ही दिसायची वस्तू आहे, वाजायची नव्हं. दिसली की काम झालं. वाजली की जबाब, पंचनामा आणि काडतुसाचा हिशेब."

अलास्कातही तेच. जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर कायद्याची मुभा आहे. पण मग त्याचं कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारात जमा करायची आणि पंधरा दिवसांत फॉर्म भरून द्यायचा. अस्वलाच्या तावडीतून सुटलेला माणूस सरळ कारकुनाच्या तावडीत! अस्वल कचऱ्याच्या किंवा उघड्या अन्नाच्या वासाने आलं असेल तर मुभाही नाही. ते मला पटलं. बोलावणं आपण धाडायचं आणि पाहुण्याला गोळी घालायची, हे बरं नव्हे.

आणि आता सर्वांत मोठी मौज. २००८ साली अलास्कातल्या घटना तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलावर मिरचीचा फवारा मारला तर शंभरांतल्या ब्याण्णव वेळा ते आपला आगाऊपणा थांबवतं. फवारा जवळ असलेल्यांपैकी शेकडा अठ्ठ्याण्णव माणसांना ओरखडाही आला नाही. २०१२ मध्ये बंदुकींचा हिशेब आला : बंदूक झाडलेल्यांना आणि जवळ असून न झाडलेल्यांना झालेल्या इजेत फरक आढळला नाही. दीडशे वर्षांची ही सगळी खटपट, ते अडसर, ते सव्वादोन तोळे. आणि शेवटी उपयोगी पडली मिरचीपूड!

भाऊ आता दोन्ही बाळगतो. कमरेला फवारा, खांद्यावर रायफल. परवा मावशीने त्याला फोनवर विचारलं, "अस्वल समोर आलं तर आधी काय करणार तू?"

तो म्हणाला, "पळायचं नाही. हळू आवाजात बोलत बोलत मागे सरकायचं. तिकडचे वनखात्याचे लोक तसंच सांगतात."

"आणि बंदूक?"

"मागे सरकताना पाय लटपटत नाहीत, आई."

मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आधी बोलायचा सराव कर. मराठीत बोल. रोज रात्री मला फोन करून बोललास तरी चालेल."