दुष्काळ, टंचाई आणि हमी : महाराष्ट्रातील सार्वजनिक साहाय्याच्या परिभाषेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शासकीय साहाय्याच्या योजनांचा अभ्यास करताना संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने निधी, अंमलबजावणी व लाभार्थींची संख्या यांकडे जाते. ज्या शब्दांतून या योजना उभ्या राहतात त्या शब्दांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक 'आणेवारी', 'टंचाई', 'दुष्काळसदृश', 'हमी' हे केवळ कार्यालयीन शब्द नाहीत. मदत कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळणार, याची सीमारेषा तेच आखतात. प्रस्तुत निबंधात १८७६ पासून पुढच्या काळातील या परिभाषेचा महाराष्ट्राच्या संदर्भात विचार केला आहे.

दुष्काळ संहिता आणि कसोटीची भाषा

१८७६-७८ च्या दुष्काळाने मुंबई व मद्रास इलाख्यांत प्रचंड मनुष्यहानी झाली. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी केली. पुरुष मजुरास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, असे हे प्रमाण होते. मुंबई इलाख्यात अनेक मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थितीची निवेदने सरकारकडे पाठवून या प्रश्नाला वाचा फोडली.

या अनुभवानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १८८३ मध्ये नमुना संहिता तयार झाली व पुढे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता अस्तित्वात आल्या. संहितेच्या परिभाषेत 'चाचणीची कामे' या संज्ञेला विशेष स्थान होते. दुष्काळाची चिन्हे दिसू लागताच कडक अटींवर काही कामे काढावयाची. त्यांवर लोक मोठ्या संख्येने आले तर दुष्काळ खरा मानून नियमित दुष्काळी कामे सुरू करावयाची. जे श्रम करण्यास असमर्थ, त्यांच्यासाठी 'मोफत मदत' हा स्वतंत्र वर्ग होता.

या रचनेत एक गृहीतक दडलेले आहे. मदत मागणारा खरोखर गरजू आहे की नाही हे त्याच्या शब्दावरून ठरत नाही. अल्प मजुरीवर कष्टाचे काम करण्याची त्याची तयारी हाच त्याच्या गरजेचा पुरावा ठरतो. म्हणजे चाचणी नावाला दुष्काळाची असली तरी प्रत्यक्षात ती भुकेल्या माणसाची होती.

संहितेचा अर्थ सांगण्याचा संघर्ष

असे असूनही संहितेने एक महत्त्वाची गोष्ट साध्य केली. सरकारचे कर्तव्य लिखित स्वरूपात आले. जे लिहिलेले आहे ते वाचून दाखविता येते, याची जाणीव १८९६-९७ च्या दुष्काळात प्रकट झाली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने दुष्काळ संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजतील अशा मराठीत मांडल्या. सार्वजनिक सभेचे प्रचारक गावोगाव जाऊन सारासूट व तहकुबी यांविषयी माहिती देऊ लागले. सूट म्हणजे सारा माफ होणे आणि तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. हा भेद ठाऊक नसलेला शेतकरी भांडीकुंडी व गुरे विकून सारा भरत असे.

या प्रचारात कायदेभंगाची नव्हे, तर सरकारच्याच नियमांचे पालन व्हावे अशी मागणी होती. तरीही १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक राजकारणाविषयी सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा सभेचा अधिकार अमान्य केला. परिभाषेचे ज्ञान ही राजकीय शक्ती असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

आणेवारीपासून पैसेवारीपर्यंत

पिकाचे प्रमाण मोजण्यासाठी रुपयाच्या सोळा आण्यांचे रूपक वापरले गेले व त्यातून 'आणेवारी' हा शब्द रूढ झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आल्यावर कागदोपत्री 'पैसेवारी' आली. बोलीत मात्र आणेवारी टिकून राहिली. पैसेवारी गाववार ठरते. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी म्हणजे टंचाई, असा निकष दीर्घकाळ वापरात होता. टंचाई जाहीर झाली की महसुलातील सवलत, कर्जवसुलीस स्थगिती, परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती लागू होत. म्हणून एकोणपन्नास आणि एक्कावन्न या दोन आकड्यांमधील अंतर गावाच्या दृष्टीने फार मोठे होते. शिवाय अंतिम पैसेवारी पीक हाती आल्यानंतरच निश्चित होत असल्याने मदतीचा निर्णय संकटाच्या मागून येत असे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पेरणीक्षेत्र, मृदेतील ओलावा, उपग्रहाधारित वनस्पती निर्देशांक आदी निकष पुढे आणले. त्यामुळे पैसेवारीचे पूर्वीचे निर्णायक स्थान राहिले नाही.

शब्द वगळण्याचा कायदा

महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ मध्ये राज्यातील कायद्यांमधून 'दुष्काळ' या अर्थाची इंग्रजी संज्ञा वगळण्यासाठी स्वतंत्र कायदा केला व तिच्या जागी 'टंचाई' या अर्थाची संज्ञा आणली. शासन कृषिस्थितीवर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, त्यामुळे दुष्काळाची स्थिती उद्भवण्यास वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर दशकभरातच १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये मदतकामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. कायद्यात नसलेला शब्द लोकांच्या तोंडी मात्र कायम राहिला. त्या काळातील 'सुकडी' आणि 'मिलो' हे शब्दही ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मृतीत रुजले.

पुढे 'दुष्काळसदृश परिस्थिती' ही आणखी एक संज्ञा प्रचलित झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणीच्या काळात राज्य शासनाने, संबंधित आदेशांतील 'दुष्काळसदृश' या शब्दाऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी भूमिका घेतली. सुमारे २९ हजार गावांचा प्रश्न अशा रीतीने एका 'सदृश' या प्रत्ययाशी येऊन ठेपला होता. २०१८ मध्येही आधी दुष्काळसदृश स्थिती व नंतर १५१ तालुक्यांत दुष्काळ, असा घोषणांचा क्रम दिसून आला.

मदतीकडून हमीकडे

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये आलेल्या रोजगार हमी योजनेने या परिभाषेत मूलभूत बदल घडविला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. 'मदत' हा शब्द देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो, तर 'हमी' या शब्दाने देणाऱ्यावर बंधन येते. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेरोजगार भत्ता देण्याची तरतूद या बंधनाची निदर्शक होती. दुष्काळाच्या घोषणेची पूर्वअटही यात उरली नाही.

तथापि जुन्या कसोटीचे अवशेष टिकून राहिले. काम अंगमेहनतीचेच असावे ही अट संहितेच्या काळातील श्रमाच्या कसोटीचीच वारसदार होती. नवे काम सुरू करण्यासाठी किमान ५० मजूर हवेत, ही अट विखुरलेल्या वस्त्यांतील मजुरांना जाचक होती. मागणीचा अर्ज, त्याची पोच आणि हजेरीपटावरील नोंद यांचे महत्त्व न समजलेला मजूर भत्त्याचा हक्क सिद्ध करू शकत नसे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हमी देशव्यापी केली, परंतु तिचा घटक 'व्यक्ती' ऐवजी 'कुटुंब' झाला व वर्षाला १०० दिवसांची मर्यादा आली. एका शब्दाच्या बदलाने हक्काचे क्षेत्र विस्तारले आणि त्याच वेळी त्याचे माप आखडले.

समारोप

या विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, साहाय्याच्या परिभाषेत वसाहतकालीन संशय व प्रजासत्ताकातील हक्क हे दोन्ही स्तर एकत्र नांदतात. दुसरी, 'टंचाई' किंवा 'दुष्काळसदृश' यांसारख्या सौम्य संज्ञांमुळे संकट सौम्य होत नाही, शासनाची जबाबदारी मात्र सौम्य होऊ शकते. तिसरी, संहितेतील शब्द लोकांच्या भाषेत आणण्याचे जे कार्य १८९६-९७ मध्ये झाले, त्याची आवश्यकता संपलेली नाही. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विषयांच्या अध्यापनात शासन निर्णयांच्या भाषेचे वाचन समाविष्ट झाल्यास ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी आपल्या गावाच्या पैसेवारीचा व आपल्या कुटुंबाच्या हक्काचा अर्थ स्वतः लावू शकेल. हक्काचा वापर करण्यापूर्वी त्याचे नाव ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देणे हे शिक्षणाचे कार्य आहे.