अँटेनाचं तोंड कुणीकडे?

कर्नाटकात टीव्ही सगळ्यात आधी कुठे आला, असं कुणालाही विचारून बघा. बहुतेक जण बंगळूरचं नाव घेतील. पण बंगळूरला दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं १९८१ साली, आणि आपल्या गुलबर्ग्याला ते १९७७ सालीच सुरू झालं होतं. ज्या भागाला सगळे मागास म्हणतात, जिथं आजही रस्ता आणि पाणी हेच मोठे विषय आहेत, तिथं टीव्ही राजधानीच्या आधी चार वर्षं येऊन बसला. हे आपल्या पोरीबाळींना सांगायला हवं.

त्याच्याही आधीची गोष्ट अजून मोठी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. या प्रयोगाचं नाव 'साइट'. कर्नाटकातले तीन जिल्हे त्यात निवडले होते: गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. बीदर त्यात नव्हता. आणीबाणीचे दिवस होते. शहरातसुद्धा टीव्ही म्हणजे श्रीमंताघरची वस्तू, आणि इथं ज्वारी-तुरीच्या रानातल्या खेड्यांत, शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या आवारात, मोठा कृष्णधवल संच येऊन ठेवला.

हे स्वप्न विक्रम साराभाईंचं. अहमदाबादच्या जैन कुटुंबात जन्मलेला हा शास्त्रज्ञ म्हणत होता की उपग्रहाचा पहिला उपयोग खेड्यासाठी झाला पाहिजे. १९६९ साली अमेरिकेच्या नासाशी करार झाला. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले, प्रयोग त्यांना बघायला मिळाला नाही. तो तडीस नेणाऱ्यांत आपल्या मराठी मुलखातलं एक नाव आहे, कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. ते साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६ नावाचा. जमिनीवरची सगळी तयारी मात्र आपली. संच हैदराबादच्या ईसीआयएल कारखान्यात तयार झाले. आणि अँटेना? खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचा, दहा फूट व्यासाचा, उघड्या छत्रीसारखा. ३६,००० किलोमीटर उंचीवरून आलेलं चित्र त्या जाळीत धरायचं. गावकऱ्यांना गंमत वाटली असेल, पण काम चोख होतं. कारण जाळीची भोकं लहरीच्या मानानं लहान असली, की लहरीला ती सपाट पत्र्यासारखीच वाटते. महागाची वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असं काही नसतं. हे पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या जिल्ह्यात सिद्ध झालंय. पुढं दुकानात वायर घेताना ही जाळी आठवा.

सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. शेती, आरोग्य, कुटुंब, थोडं मनोरंजन. उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन आवाज येत, त्यामुळे एकच चित्र आंध्रात तेलुगूत आणि आपल्याकडं कन्नडात ऐकता येई. दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम हिंदीत. मराठीचा आवाज त्यात नव्हता. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर, देगलूर मराठीकडं गेले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद कन्नडाकडं आले. घरं मात्र तशी वाटली गेली नाहीत. आपल्या समाजात तर सोयरीक लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बीदर, गुलबर्गा अशी सगळीकडं पसरलेली. लेक निलंग्याला, सून आळंदची, मामा उमरग्याला. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी, अशी तीन भाषांची चूल.

साइटच्या वेळी संशोधकांनी खेड्यात पाहण्या केल्या. काही गावांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्कामालाच राहिले. त्यांना दिसलं की संचासमोर बायका पुरुषांपेक्षा कमी येतात. कारण शोधायला शास्त्रज्ञ कशाला हवा? संध्याकाळ म्हणजे चुलीची वेळ, आणि पंचायतीच्या आवारात, पुरुषांच्या गर्दीत, सुनेनं जाऊन बसायचं कसं? पण ज्या बायका नेमानं आल्या, त्यांच्यात आरोग्य आणि कुटुंबाविषयीची जाण चांगली वाढलेली आढळली. म्हणजे टीव्ही कुणाला उपयोगी पडेल हे संचापेक्षा जागा, वेळ आणि भाषा यांवर ठरतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच आपल्या कामाचा धडा आहे.

मग टीव्ही घरात आला. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंग आला. १९८४ ला 'हम लोग', १९८७ ला 'रामायण'. रविवारी सकाळी ज्यांच्या घरी संच, त्यांच्या ओसरीवर अर्धी गल्ली. त्या काळी संच पुरुष निवडत आणि अँटेना पोरं फिरवत. तो माशाच्या काट्यासारखा अँटेना यागी-उदा नावाच्या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ साली काढलेला. त्याचा गुण असा की ज्या केंद्राकडं तोंड, तेच नीट दिसतं. म्हणजे बीदरात गच्चीवर चढलेला मुलगा नकळत भाषाच निवडत होता. गुलबर्ग्याकडं तोंड केलं तर कन्नड, हैदराबादकडं केलं तर तेलुगू. मराठीकडं करायचं तर मुंबई सरळ रेषेत साडेचारशे-पाचशे किलोमीटर. इतक्या लांबची लहर पृथ्वीच्या गोलाईपुढं टिकत नाही. खाली ओट्यावरून आवाज, 'आलं का गं?' वरून उत्तर, 'मुंग्याच हायेत!'

त्या अँटेनापासून खाली येणारी चपटी, दोन तारांची पट्टी ३०० ओहमची असे. पुढं केबलवाल्यानं गोल, काळी को-अ‍ॅक्सियल वायर आणली, ७५ ओहमची. दोन्हींचा मेळ नसला की चित्राला भुताची सावली पडे. त्यासाठी मध्ये एक छोटी डबी, बलून, लावावी लागे. ही डबी दोन रुपयांची की चार, यावर भांडण होई. पण ती कशासाठी, हे घरातल्या बाईला कुणी सांगत नसे.

मराठी आपल्या भागात आली ती उपग्रहावरूनच. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ साली, तिलाच २००० पासून सह्याद्री म्हणतात. १९९९ ला अल्फा मराठी, २००० ला ईटीव्ही मराठी. आणि गंमत बघा, ईटीव्ही मराठी यायची हैदराबादहून! ज्या शहरापासून १९५६ ला आपण तुटलो, त्याच शहरातून आपली भाषा परत घरात आली. औराद-भालकीतल्या ज्या बायका शाळेत कन्नड शिकल्या आणि मराठी फक्त बोलायच्या, त्यांनी बातम्यांच्या खालची पट्टी वाचत वाचत मराठी अक्षरं जुळवली. याची नोंद कुठल्या सरकारी पाहणीत सापडायची नाही.

आता आजचं. दसरा-दिवाळीला दुकानात पाटी असते, एचडी, फुल एचडी, फोर-के. बायांनो, हे गणित भाकरी मोजण्याइतकं सोपं आहे. चित्र ठिपक्यांचं असतं. जुन्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. फोर-केत त्याच्या चौपट. बत्तीस इंची बऱ्याच संचांवर 'एचडी रेडी' लिहिलेलं असतं, ते फुल एचडी नव्हे. त्यात ठिपके साधारण १३६६ गुणिले ७६८. विचारून घ्या, खोक्यावर छापलेलं असतं.

श्रवणबेळगोळचा २०१८ चा महामस्तकाभिषेक आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी पडद्यावरच पाहिला, कारण हासनपर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता. सुमारे ५७ फुटी बाहुबली, वरून दुधाची, केशराची धार. जुन्या संचात ती धार म्हणजे नुसता पांढरा पट्टा; एचडीत थेंब न् थेंब, दगडावरून ओघळताना दिसतो. एचडी कशासाठी, याचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

पण एक अट आहे. संच एचडी आणि आत येणारं चित्र साधं, तर पडदा काही जादू करत नाही. आपल्या भागात कितीतरी घरांत हेच चाललंय. भिंतीवर मोठा नवा टीव्ही, खाली जुना साधा डबा, आणि दोघांना जोडणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल अशा तीन वायरी. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. पाण्याची टाकी कितीही मोठी बांधा, नळ अर्धा इंची असला तर धार तेवढीच. म्हणून साखळी तपासायची: वाहिनी एचडी आहे का, डबा एचडी आहे का, मधली वायर एचडीएमआय आहे का, आणि मग संच. मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत आल्या त्या २०१६ च्या सुमाराला; त्याचे पैसे वेगळे पडतात. घरात मुख्यतः साध्या वाहिन्या किंवा फ्री डिशच बघायची असेल, तर फोर-केवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मोठा संच घेण्याआधी बैठकीचं अंतर टेपनं मोजा. नियम सोपा आहे. एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून नीट दिसतं, साधं चित्र सहापट अंतरावरून. त्रेचाळीस इंची संचाची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. म्हणजे एचडीसाठी सव्वापाच फूट, साध्यासाठी साडेदहा फूट. पंचावन्न इंचीत साधं चित्र बघायचं तर साडेतेरा फूट लांब बसावं लागेल. आपल्या जुन्या दगडी घरांची सोप्याची खोली तेवढी खोल असते का? नसेल तर जवळून चित्र फुटलेलं दिसणार आणि दोष संचाला जाणार.

आता वायर. दुकानदार सोनेरी टोकांची, जाड, दोन-तीन हजारांची एचडीएमआय वायर पुढं करतो. 'ताई, चित्र एकदम झकास येईल.' झकासबिकास काही नाही. एचडीएमआयमधून जातात ते आकडे, शून्य आणि एक. आकडे पोचले तर चित्र पूर्ण येतं. नीट पोचले नाहीत तर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात नाहीतर पडदा काळा होतो. महाग वायरीनं रंग गडद होत नाही. जुन्या अँटेनाच्या काळात वायर चांगली असली की मुंग्या कमी होत, म्हणून हा समज डोक्यात बसलाय. पाहायचं ते एवढंच. फुल एचडीसाठी 'हाय स्पीड', फोर-केसाठी 'प्रीमियम हाय स्पीड', आणि ताशीव खेळांच्या यंत्रासाठी वगैरे 'अल्ट्रा हाय स्पीड' असं छापलेलं असावं. लांबी गरजेपुरती, दोन मीटर पुष्कळ झाली. डिशपासून डब्यापर्यंतची काळी वायर मात्र आरजी-६ प्रतीची घ्या, सांधे कमीत कमी, आणि गच्चीवरच्या जोडाला पाणी लागणार नाही असं बंद करा. तिथं दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण पावसाळ्यात चित्र जातं ते बहुधा तिथूनच. मोबाइलसारखं इंटरनेटवरून बघायचं असेल तर एचडीला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो, फोर-केला १५ ते २५. आणि अर्थिंग. आपल्याकडं वळवाच्या विजा कशा पडतात हे काय सांगायला हवं? अर्थिंग नसलेल्या घरात पन्नास हजारांचा संच टांगणं म्हणजे उघड्या खळ्यावर धान्य ठेवून झोपणं.

हे सगळं बाईनं कशाला शिकायचं, असं कुणी म्हणेलच. संच तर मुलगा आणतो, नाहीतर मामंजी. पण दुपारी घरात एकटी ती असते. डबा बंद पडला की केबलवाल्याला फोन ती करते. महिन्याच्या पैशांचा हिशेब तिच्याच डब्यात असतो. आणि कन्नड, मराठी, हिंदी यांपैकी कुठलं पॅक घ्यायचं, हा आजचा अँटेना फिरवायचा प्रश्न आहे. गच्चीवर चढायला लागत नाही, रिमोटवरच होतं. पण तोंड कुणीकडं करायचं ते कुणीतरी ठरवतंच. कन्नडाशी आपलं वैर नाही. नातवंडांची शाळा, नोकरी त्याच भाषेत आहे. घरात दोन्ही यायला हव्यात, साइटच्या त्या एका चित्राच्या दोन आवाजांसारख्या.

१९७५ साली गावात आलेल्या माणसांनी बायकांना निदान विचारलं होतं, तुम्हाला काय दिसलं, काय कळलं, का आला नाहीत. आज दुकानात हे कुणी विचारत नाही. तिथं फक्त हप्ता किती ते विचारतात. तेव्हा आपणच विचारायचं. टेप घेऊन जायचं, खोक्यावरचं वाचायचं, जुना डबा कोणता ते कागदावर लिहून न्यायचं, आणि सोनेरी वायर हसून परत करायची. उरलेल्या पैशांत एचडी मराठीचे काही महिने निघतात.