कासवाखालची माती

मराठीवर माझा जीव आहे. घरात दखनी बोलत वाढलो, तरी कविता सुचली ती मराठीतच. पण या भाषेविरुद्ध माझी एक तक्रार आहे, ती आज आपल्यापुढं मांडतो. विहिरीत राहणारं, समुद्रात राहणारं आणि माळावर चरणारं, अशा तीन अगदी निराळ्या जनावरांना मराठी एकच नाव देते : कासव. त्यामुळं कासव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पाणीच येतं. या समजुतीपायी बिलोलीत आमच्या घरी एक जीव गेला.

१९८१ साल असावं. मी दहा-अकरा वर्षांचा. आमचे मामू ट्रक चालवायचे. त्यांची खेप आंध्रात अनंतपूरच्या बाजूला जायची. एकदा येताना त्यांनी बारदानात गुंडाळून एक कासव आणलं. काळसर पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. बिलोलीकरांना माहीत असलेली कासवं म्हणजे मांजरा नदीच्या डोहातली, नाहीतर विहिरीतली. असं नक्षीदार कासव कुणी पाहिलं नव्हतं. मोहल्ल्यातली पोरं बघायला यायची आणि मी भाव खायचो.

कासवाला ओल हवी, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो. म्हणून त्याची जागा ठरली मोरीजवळ, शहाबादी फरशीवर. रोज दोन तांबे पाणी अंगावर. खायला दूध-पोळी, कधी खिचडी, कधी केळं. घरात जे चांगलं ते त्याला, एवढाच हिशेब. एकटी दादी विरोधात होती. ती म्हणायची, “मिट्टी का जनावर है रे, मिट्टीमें छोड उसकू.” परसात मेंदीच्या कुंपणाजवळ कोरडी माती होती, उन्हं यायची, गवत होतं. पण तिथं सोडलं तर कुणी उचलून नेईल, या भीतीनं मी दादीचं ऐकलं नाही.

फरशीवर त्याचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकायचे. हिवाळा आला तसं नाक वाहू लागलं, डोळे मिटलेलेच राहू लागले. पाठ बोटानं दाबली तर दबायची. संक्रांतीच्या सुमारास ते गेलं. दादीनं त्याला मेंदीखालीच पुरलं. मला ती एक शब्दही बोलली नाही.

पुढं बी. ए. करताना इंग्रजी वाचायची गोडी लागली आणि गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका पाद्र्याची गाठ पडली. सेलबर्न हे त्याचं इंग्लंडातलं खेडं. तिथल्या पाखरांवर, किड्यांवर, पावसापाण्यावर त्यानं पत्रं लिहिली आणि १७८९ साली त्यांचं पुस्तक झालं. त्या पुस्तकात एक कासव आहे. नाव टिमोथी. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या मुलखातलं हे जमिनीवरचं कासव १७४०च्या सुमारास व्हाइटच्या आत्याबाईंच्या घरी आलं होतं. चाळीस वर्षं ते त्यांच्या बागेत राहिलं. १७८० साली त्या वारल्या, तेव्हा व्हाइटनं त्याला जमिनीतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर आपल्या गावी नेलं.

व्हाइटजवळ ना दवाखाना होता ना कासवं पाळण्याचं एखादं पुस्तक. त्यानं एकच केलं : कासवाला बागेच्या मातीत सोडलं आणि बघत बसला. नोव्हेंबर लागला की ते पुढच्या पायांनी माती उकरायचं, मागच्या पायांनी पाठीवर लोटायचं आणि इतकं सावकाश की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. हिवाळाभर ते मातीखाली असायचं आणि वसंतात वर यायचं. खायला बागेतला रसदार पालाच. व्हाइटनं आणखी एक नोंदवलंय. गाडीचं चाक गेलं तरी फुटणार नाही असं कवच असून ते पावसाच्या चार थेंबांना घाबरायचं, आभाळ भरून आलं की आडोसा गाठायचं. एकदा व्हाइटनं त्याला पाण्याच्या टबात सोडून पाहिलं. पोहणं दूरच, ते हळूहळू तळाशी गेलं आणि गांगरून तिथं चालू लागलं.

ही हकिगत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. मी ज्याच्यावर रोज दोन तांबे पाणी ओतत होतो, ते या टिमोथीच्याच जातकुळीतलं होतं. व्हाइट १७९३ साली गेला, टिमोथी पुढच्या वर्षी. म्हणजे परक्या, थंड देशात ते पन्नासहून अधिक वर्षं जगलं. त्याचं कवच लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. ते तपासल्यावर कळलं की टिमोथी मादी होती! आमचं मात्र आपल्याच हवेत आठ महिन्यांत संपलं.

आपल्याकडच्या विहिरींतली कासवं निराळी. पाणी स्वच्छ राहतं, बरकत येते म्हणून शेतकरी मुद्दाम कासव आणून विहिरीत सोडायचे. ते गोड्या पाण्यातलं. मागचे पाय आत घेतले की त्यांच्यावर कातडीची झडप बसते. बेडूक, गोगलगाय, लहान मासे, मेलेलं जनावर, पाणवनस्पती, सगळं त्याला चालतं. पाणी आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं. जुन्या बारवेत त्याला पायऱ्या होत्या, कडेला गाळ होता. सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत ना वर यायला जागा, ना रुतायला माती. ही गोष्ट विहीर बांधणाऱ्याच्या कधी ध्यानातही येत नसेल. आणि याच्या उलटाही प्रकार होतो. घरात दडवलेलं चांदण्यांचं कासव पुण्य म्हणून नदीत सोडणारे लोक आहेत. ते बुडून मरतं.

कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं ‘अद्वैत’ कासव २२ मार्च २००६ रोजी गेलं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी त्याचं वय अडीचशे छापलं. ते रॉबर्ट क्लाइव्हचं होतं असंही म्हणत. खरंखोटं कुणी सिद्ध केलेलं नाही. मला त्या बातमीत रस वाटला तो त्याच्या ताटाचा : गव्हाचा कोंडा, गाजर, भिजवलेले हरभरे, गवत. दुधाचं नाव नव्हतं. कासवाला दूध पचत नाही, हे एवढं साधं आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

कायदा मात्र तेव्हाही होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. मामूंना आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती. चांदण्यांच्या कासवाची परदेशात चोरटी विक्री इतकी वाढली की २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली आणि २०२२च्या दुरुस्तीनं ते आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं. विहिरीतल्या कासवालाही तेच संरक्षण आहे. तेव्हा आपल्याकडची कासवं घरी पाळायची नाहीत. कुणाकडं असेल तर त्यानं वनखात्याला कळवावं, नदी गाठू नये.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती इंग्लंडात लेस्टरला असते. तिथं परवान्याच्या कागदासह भूमध्य समुद्राकडची कासवं दुकानात मिळतात. लेकाच्या हट्टापायी तिनं एक घेतलं आणि मला फोन केला. “मामू, हे काही खातच नाही.” व्हिडिओवर पाहिलं. काचेची पेटी, खाली लाकडाचा सुगंधी भुसा, पुढ्यात पालक, टोमॅटो आणि केळं. घसरणारे पाय मला लगेच ओळखू आले.

मी काही डॉक्टर नाही, कासवं जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखव, असं आधी सांगितलं. मग वाचून, विचारून जमवलेलं सांगत बसलो. भुसा काढ. त्याच्या वासानं श्वासाला त्रास होतो. नुसती वाळूही नको. अन्नाबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. खत-औषध न मारलेली बागेची माती घे, त्यात थोडी वाळू मिसळ, त्याला स्वतःला पुरून घेता येईल एवढा थर दे. एक कोपरा कोरडा, एक किंचित दमट. खायला रानातला पाला : डँडेलायन, क्लोव्हर, जास्वंदीची पानं-फुलं. पालक क्वचित, कारण त्यातलं आम्ल कॅल्शियम अंगी लागू देत नाही. फळं जवळपास नाहीत. पोळी, दूध अजिबात नाही. समुद्रफेसाचा तुकडा ठेव, कवचाला लागतो. आणि ऊन. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, म्हणून तिथल्या ढगाळ दिवसांत त्याचा खास दिवा लावावा लागतो. नाहीतर पाठ मऊ पडते. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज जरा अडखळला असावा. तिनं विचारलं, “मामू, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, लाइन खराब आहे.”

आठवड्यानं तिचा पुन्हा फोन आला. पेटीत माती भरली होती. “दिसतच नाही हो ते,” ती म्हणाली, “मेलं की काय?” मी म्हटलं, फोन जरा खाली धर. कोपऱ्यात मातीचा एक उंचवटा होता. थोडा वेळ बघत राहिलो. मग तो हलला.