फ्युएल कट: इंजिनाने दिलेला नकार

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की बदनापूर, करमाड मागे पडतं आणि शेंद्र्याची एमआयडीसी लागते. स्कोडाने 2001 मध्ये भारतात बस्तान बसवलं ते इथे. परदेशातून सुट्या भागांत आलेल्या ऑक्टाविया इथे जोडल्या जाऊ लागल्या. 2004 मध्ये त्यात ‘आरएस’ आली: 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो, 150 अश्वशक्ती. तोवर आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल. ट्रक, नाहीतर नाशिकची स्कॉर्पिओ. पेट्रोल टर्बो कित्येकांनी पहिल्यांदा पाहिला तो या गाडीत. आणि टर्बो आला की पुढचा प्रश्न ठरलेलाच: बूस्ट वाढवता येईल का?

वाढवता येतो. टर्बो धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंवर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पण हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पूर्ण बूस्टवर तर पेट्रोल त्याहूनही सढळ हाताने द्यावं लागतं, म्हणजे आतली उष्णता आवाक्यात राहते. हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं, तर ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हे नॉकिंग. ते जोरात झालं तर पिस्टन काही सेकंदांत फुटू किंवा वितळू शकतो. म्हणून दाब ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की गाडीचा कम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोलच बंद करतो. भिंतीवर आदळल्यासारखा झटका बसतो. हाच फ्युएल कट.

ही भीती टर्बोइतकीच जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखीने टर्बोचं पेटंट घेतलं 1905 मध्ये. ते रस्त्यावरच्या कारमध्ये यायला 1962 उजाडलं. त्या वर्षी आलेल्या अमेरिकेच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जाई. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट अडवी. बरेच मालक ती टाकी भरतच नसत. 1975 च्या पोर्श 911 टर्बोमध्ये उपाय आणखी रांगडा होता: दाब फार वाढला की एक स्विच इंधनाच्या पंपाची वीजच तोडे. पुढे 1980 च्या दशकात साबमध्ये पेर गिलब्रांडच्या टीमने इंजिनाला कान दिले. नॉकिंग ऐकू आलं की बूस्ट आपोआप खाली.

मग जपानी टर्बो गाड्यांचा जमाना आला आणि फ्युएल कटला बगल देण्याचा धंदा उभा राहिला. एचकेएस कंपनीने तर ‘फ्युएल कट डिफेन्सर’ नावाचा डबाच विकायला काढला. काम सोपं: दाबाच्या सेन्सरकडून येणारं व्होल्टेज एका आकड्यावर अडवून धरायचं. बूस्ट कितीही चढो, ईसीयूला तोच आकडा दिसतो. काहींनी हेच काम एका झेनर डायोडवर भागवलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही युक्ती मला लगेच ओळखीची वाटते. प्रोग्राम एरर देतोय? ट्राय-कॅच लावा, कॅच रिकामा ठेवा. स्क्रीनवर सगळं हिरवं. आत डेटा सडतोय. सेन्सरचा आकडा दाबला की कट जातो, पण ज्या आकड्यावरून पेट्रोलही मोजलं जातं, तोच आकडा खोटा होतो. इंजिन मागतंय जास्त, मिळतंय जुनंच. त्यात आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 ऑक्टेनचं आणि जालन्याचा मे महिना चाळिशीपलीकडचा. गरम हवा, कमी ऑक्टेन: नॉकिंगला दोन्ही हवंच असतं.

दुसरी वाट लांबची आहे. जास्त दाब मोजू शकणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप, आणि मग पेट्रोल व ठिणगीचे तक्ते नव्याने लिहायचे. धुराड्यातला ऑक्सिजन मोजत, नॉकिंगच्या नोंदी बघत, थोडं थोडं पुढे. आणि शेवटी फ्युएल कट काढायचा नाही. नव्या बूस्टच्या जरासा वर नेऊन ठेवायचा. बूस्टची नळी निसटली, झडप अडकली, तर त्या दिवशी तोच इंजिन वाचवणार आहे.

हा खोटेपणा फक्त गॅरेजात झाला असंही नाही. 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरं वागतं, हे उघड झालं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि समूहाने फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून 3,23,700 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. गॅरेजवाला ईसीयूशी खोटं बोलत होता. इथे ईसीयूच तपासणाऱ्याशी खोटं बोलत होता. पहिल्यात मालकाचं इंजिन जातं. दुसऱ्यात धूर सगळ्यांच्या नाकात जातो.

ट्यूनिंगला माझा विरोध नाही. यंत्र उघडून बघण्याची खाज नसती तर मी इंजिनिअरिंगला गेलोच नसतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि गाडीची वॉरंटी आधी वाचा. आणि कोणी ‘कट काढून देतो’ म्हणाला, तर एवढंच विचारा: पेट्रोल वाढवणार आहेस, की आकडा लपवणार आहेस? उत्तर द्यायला तो अडखळला, तर गाडी घेऊन घरी या.