अमेरिकेचे साम्राज्य आणि आपल्या मावळातील पाणी

वाचकहो, पुण्याहून लोणावळ्याकडे येताना वडगाव मावळ लागते आणि तेथे महादजी शिंदे यांचे स्मारक आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवावे म्हणून मुंबईहून बोरघाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेची मराठ्यांनी १७७९ च्या जानेवारीत येथे पुरती कोंडी केली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपले लोक 'इष्टुर फाकडा' म्हणत, तो मारला गेला आणि वडगावात इंग्रजांना तह लिहून द्यावा लागला. ही हकीकत आपण शाळेत वाचतो. परंतु त्याच दिवसांत अटलांटिक महासागराच्या पलीकडे इंग्रजांच्या तेरा वसाहती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सेनापतित्वाखाली त्याच राजाविरुद्ध लढत होत्या, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे त्यांना शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला!

एकाच साम्राज्याला दोन ठिकाणी मार बसत होता. पुढची वाट मात्र दोघांची वेगळी झाली. लोहगड आणि विसापूर १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले व मावळ पारतंत्र्यात पडले. अमेरिका स्वतंत्र राहिली, आणि जिने साम्राज्याविरुद्ध शस्त्र उचलले होते तीच सव्वाशे वर्षांच्या आत दुसऱ्यांच्या मुलखाची धनीण झाली. ती कशी झाली, आणि तिचा हात एके दिवशी आपल्या मावळातील धरणांपर्यंत कसा येऊन पोहोचला, ही हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिली शंभर वर्षे अमेरिकेचा विस्तार जमिनीवरून झाला. फ्रान्सकडून १८०३ मध्ये लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला, १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख घेतला, आणि मूळच्या रहिवाशांना मागे मागे रेटीत पॅसिफिक महासागर गाठला. हाही साम्राज्यविस्तारच होता, पण मध्ये समुद्र नसल्याने त्याला कोणी ते नाव देत नसे. १८९० च्या खानेसुमारीने जाहीर केले की, देशात वस्तीची अशी सीमारेषा आता उरलेली नाही. त्याच वर्षी कॅप्टन माहन यांचा सागरी सत्तेवरील ग्रंथ निघाला. मोठे आरमार, आरमाराला कोळशाचे तळ आणि व्यापाराला दूरचे बाजार, असा त्यांचा विचार होता. १८९३ मध्ये भयंकर मंदी आली, कारखान्यांतील माल पडून राहू लागला, तेव्हा हा विचार व्यापाऱ्यांना आणि मुत्सद्द्यांना फारच पटला. हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांना त्याच वर्षी अमेरिकन मळेवाल्यांनी गादीवरून खाली ओढले होते.

मग १८९८ साल उजाडले. क्युबामध्ये स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली व अडीचशेहून अधिक खलाशी मेले. स्फोट कशाने झाला हे सिद्ध होण्याची वाट कोणी पाहिली नाही. वर्तमानपत्रांनी आग ओतली आणि एप्रिलमध्ये युद्ध पुकारले गेले. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी कमोडोर ड्यूई यांनी मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार बुडवले. क्युबाच्या मुक्तीसाठी निघालेली लढाई पहिल्यांदा फिलिपाइन्समध्ये जिंकली जावी, यातच सारे काही आले. जुलैमध्ये हवाई खालसा झाले. १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने पोर्टो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले आणि दोन कोटी डॉलर मोजून फिलिपाइन्सची सारी बेटे घेतली गेली. ज्या फिलिपिनो लोकांनी आग्विनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली १२ जूनलाच स्वातंत्र्य जाहीर केले होते, त्यांना या सौद्यात कोणी बोलावलेसुद्धा नाही. मग ते लढले. चार हजारांवर अमेरिकन सैनिक पडले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत मेलेल्या फिलिपिनो रयतेची संख्या इतिहासकार दोन लाख किंवा त्याहूनही जास्त धरतात.

याच बेटांच्या दक्षिणेला, सुलू आणि मिंडानाओमध्ये, शेकडो वर्षांपासून मुसलमान वस्ती आहे. स्पेनने त्यांना 'मोरो' हे नाव दिले. उत्तरेत युद्ध चालू असताना दक्षिणेत दुसरी आघाडी नको, म्हणून जनरल बेट्स यांनी ऑगस्ट १८९९ मध्ये सुलूचे सुलतान दुसरे जमालुल किराम यांच्याशी करार केला. धर्मात हात घालणार नाही, सुलतानांचा मान राखू, असे त्यात होते. गंमत अशी, की कराराच्या इंग्रजी प्रतीत अमेरिकेचे सार्वभौमत्व लिहिले होते आणि सुलतानांच्या भाषेतील प्रतीत तो अर्थ नव्हता. उत्तरेतील युद्ध संपल्यावर, १९०४ मध्ये, अमेरिकेने तो करारही मोडला. मार्च १९०६ मध्ये बुद दाहो या डोंगरमाथ्यावर आसरा घेतलेली माणसे, बायकामुलांसुद्धा, सहाशेहून अधिक, मारली गेली. वडगावचा तहही मुंबईकर इंग्रजांनी फेटाळून लावला होता, हे वाचकांना येथे आठवल्यावाचून राहणार नाही.

अमेरिकेत याचा निषेध करणारे लोक होते, हे सांगितले पाहिजे, नाहीतर आपण अन्याय करू. साम्राज्यविरोधी संघ १८९८ मध्येच स्थापन झाला होता. मार्क ट्वेन त्याचे उपाध्यक्ष होते. हे तेच लेखक, जे १८९६ च्या जानेवारीत मुंबईत उतरून हिंदुस्थानभर हिंडून गेले. बुद दाहोवर त्यांनी अत्यंत जळजळीत मजकूर लिहिला, पण तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

क्युबाचे काय झाले? क्युबा खालसा केले नाही. १९०१ मध्ये 'प्लॅट दुरुस्ती' म्हणून कलमे केली आणि क्युबाच्या राज्यघटनेत ती घालावयास लावली. वाटेल तेव्हा हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेला मिळाला. ग्वांतानामोचे बंदर १९०३ मध्ये भाडेपट्ट्याने घेतले, ते आजतागायत सोडलेले नाही. फिलिपाइन्सचा अनुभव महागात पडला होता. प्रदेश जिंकला की रयत लढते, सैन्य ठेवावे लागते, खर्च येतो. त्यापेक्षा झेंडा त्यांचाच राहू द्यावा आणि साखर, रेल्वे, बँका व वीज आपल्या ताब्यात असावी, ही रीत बरी ठरली. हैती, निकाराग्वा येथे फौजाही गेल्या, नाही असे नाही, पण पुढची खरी चाल भांडवलाची होती.

आणि येथेच, वाचकहो, आपल्याला घराकडे वळावे लागते.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०५ मध्ये 'इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर' नावाची कंपनी काढली होती. विजेच्या कंपन्यांचे भाग घेणे व त्यांचा कारभार चालवणे हे तिचे काम. या कंपनीने १९२३ मध्ये परदेशांसाठी 'अमेरिकन अँड फॉरेन पॉवर' ही शाखा निर्माण केली. काही वर्षांतच क्युबातील सुमारे नव्वद टक्के वीज तिच्या हाती गेली. मेक्सिको, चिली, ब्राझील, अर्जेंटिना येथे तिचे जाळे पसरले. १९२९ मध्ये शांघायची वीज तिने नगरपालिकेकडून विकत घेतली. त्याच वर्षी ती आमच्या मावळात आली.

वळवणच्या धरणाकडे शाळेच्या सहली जातात. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे वाहत जाणारे. टाटांनी ते अडवले, घाटमाथ्यावरून सुमारे सतराशे फूट खाली नळांतून खोपोलीला उतरवले आणि त्यावर वीज केली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण होऊन १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. भांडवल बव्हंशी देशी होते व त्याचा अभिमानही बाळगला गेला.

तिसरे धरण मुळशीचे. तेथे मात्र शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास नकार दिला. भातखाचरे, देवळे, घरे, पन्नासच्या वर गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. धरण पुरे झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. बापट त्या वेळी तुरुंगात होते. ते १९३१ मध्ये सुटले.

दरम्यान टाटांच्या घराला पैशाची ओढ लागली होती. पोलादाच्या कारखान्यावर १९२४ मध्ये असा प्रसंग आला, की सर दोराबजींना स्वतःची मालमत्ता गहाण टाकावी लागली. १९२९ मध्ये 'टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक एजन्सीज' ही संस्था निघाली आणि तिच्यात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर कंपनी निम्म्याची भागीदार झाली. तिन्ही वीज कंपन्यांची मॅनेजिंग एजन्सी या संस्थेकडे आली. मॅनेजिंग एजन्सी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल, कारण ती पद्धत १९७० मध्ये कायद्याने बंद झाली. कंपनीचे भाग हजारो लोकांचे असत, पण व्यवस्था, खरेदी, नेमणुका आणि नफ्यावरील कमिशन एजंटाकडे असे. भाग थोडे असले तरी लगाम हातात राही. बोरघाटातून विजेची गाडी पुण्याला जाऊ लागली तीही १९२९ सालीच. तिची वीज रेल्वेच्या स्वतःच्या वीजघराची होती. पण लोकांना त्या साली वीज म्हणजे गाडी एवढेच दिसले असणार. डोंगरावरच्या पाण्याचा निम्मा कारभार न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडे गेला, ही कागदावरची गोष्ट कोणाच्या नजरेस पडणार?

याला साम्राज्यवाद म्हणावे काय? आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा मुले चटकन 'होय' म्हणतात. माझे मत इतके सरळ नाही. अमेरिकनांनी मावळात एक गुंठाही जमीन हिसकावली नाही. ती आधीच इंग्रजांच्या कायद्याने आणि देशी भांडवलासाठी घेतली गेली होती. मुळशीच्या शेतकऱ्याला मालक कोण याने काय फरक पडणार होता? शिवाय येथे टाटा निम्म्याचे भागीदार उरले. क्युबामध्ये तसा कोणी उरला नाही. तेथे दर तिने ठरवायचे आणि राष्ट्राध्यक्ष माचादोंचा पूर्वी त्याच धंद्याशी संबंध. दुसऱ्याच्या साम्राज्याने तयार केलेल्या घरात भाडेकरू म्हणून शिरणे आणि स्वतः घर पाडून बांधणे, यांत फरक आहे. परंतु भाडेकरूला ते घर कसे मिळाले हे ठाऊक असतेच, आणि तरी तो शिरतो.

शेवटही वेगळे झाले. शांघायचे वीजघर १९५० च्या डिसेंबरात चिनी सरकारने ताब्यात घेतले. क्युबाने १९६० मध्ये वीज कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले, त्यानंतर दोन्ही देशांत जे वैर पेटले ते जगाने पाहिले. मावळात आरडाओरडा झाला नाही. १९५१ मध्ये टाटांनी अमेरिकन कंपनीचा हिस्सा परत घेतला आणि २००० मध्ये तिन्ही कंपन्या मिळून एक झाली. खोपोलीला उतरलेले पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हासला, भिऱ्याचे कुंडलिकेला, आणि तिन्ही नद्या अरबी समुद्राकडे जातात.